गव्हाणीतलं पुण्य

खानापूरच्या मिशनच्या शाळेत मी अकरा वर्षं मास्तरकी केली. काय मिळवलंस, असं कुणी विचारलं की मी दोन वस्तू सांगतो. एक छत्री, ती पण फादर मिंगेलांची, चुकून माझ्याकडं राहिलेली. आणि दुसरे हे किस्से. छत्री परत द्यायची राहून गेली. किस्से मात्र मी बसेन तिथं वाटत सुटतो, तरी संपत नाहीत! एक सांगून होतोय तोवर त्याच्या मागं दुसरा येऊन उभा. बायको विचारते, "तुमच्या शाळेत शिकवणं कधी व्हायचं हो?" आता तिला काय सांगणार! शिकवणं होत नव्हतं म्हणून तर किस्से होत होते.

त्यातही नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचे किस्से वेगळ्या जातीचे. हे चार आठवडे म्हणजे ख्रिस्ती लोकांचा छोटा चातुर्मास समजा. उपास करा, प्रार्थना करा, मन साफ करा, घर साफ करा. फादर जांभळा झगा घालतात, चर्चमध्ये फुलं नाहीत, गाणं बेताचं. आणि ह्याच दिवसांत लहान पोरांना नाताळसाठी 'तयार' करायचं असतं. एका वर्षी हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी मूळचा येळ्ळूरचा, शेतकऱ्याचा पोरगा, देवघरात खंडोबा. पण गळ्यात पडलं खरं!

* * *

झालं असं, की पोरांना धर्माचे धडे द्यायला पास्कू मास्तर म्हणून एक म्हातारा होता. तो भाचीच्या लग्नाला गोव्याला गेला. लग्न झालं, वऱ्हाड परत आलं, पास्कू मास्तर काही येईना. शेवटी पत्र आलं, 'पाय मुरगळला आहे.' वऱ्हाडातली माणसं म्हणाली, पाय फेणीनं मुरगळलाय.

फादर मिंगेलांनी मला बोलावलं. माणूस गोव्याचा, अंगानं आडवा, स्वभावानं मऊ. म्हणाले, "मास्तर, तुम्हाला इंग्रजी अक्षरं वाचता येतात ना?"

म्हटलं, "येतात की."

"मग झालं!"

त्यांचं ते धर्माच्या प्रश्नोत्तरांचं पुस्तक होतं कोकणीत, पण छापलेलं इंग्रजी अक्षरांत. पोरांच्या घरी कोकणी, पण त्यांना ती अक्षरं येत नव्हती. मला अक्षरं येत होती, पण कोकणी यथातथाच. म्हणजे मी वाचायचं आणि अर्थ पोरांनी मला सांगायचा! अशी आमची शाळा.

मी म्हटलं, "फादर, जरा विचार करा. मी हिंदू माणूस. दर सोमवारी उपास करतोय."

फादर खूश झाले. "उत्तम! इथल्या लोकांना तेवढंच जमत नाही. ते आधी शिकवा."

शनिवारी येळ्ळूरला गेलो आणि भीतभीतच आईच्या कानावर घातलं. आई चुलीपुढं बसलेली. मान वर न करता म्हणाली, "शिकीव की रं. पर तू शिकू नगं!"

* * *

त्या वर्षी वर्गात अकरा पोरं. नाताळच्या सकाळी त्यांना पहिल्यांदा प्रसाद मिळायचा होता. ह्या पहिल्या प्रसादाचं त्यांच्यात फार कौतुक. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, डोक्यावर फुलं, घरात गोडधोड. आपल्याकडच्या मुंजीएवढी गडबड!

अकरातली दहा पोरं सात-आठ वर्षांची. अकरावी मागी. खरं नाव मागदालिन, वय बारा. बाप रेल्वेत गँगमन, आई कार्मेलीन चर्चचे कपडे धुवायची. मागी रांगेत सगळ्यांत मागं उभी राहायची तरी सगळ्यांत आधी तीच दिसायची. दोन वर्षं नापास झालेली. तिचा धाकटा भाऊ जुझे आदल्या वर्षी पास होऊन प्रसाद घेऊन मोकळा झाला होता आणि दिवसातनं दोनदा तिला त्याची आठवण करून देत होता.

परीक्षा घ्यायला बेळगावहून मोठे फादर यायचे. वाळलेला, उंच, चष्म्यावरनं बघणारा माणूस. प्रत्येक पोराला तीन प्रश्न. तिन्हीतला एक जरी बरोबर आला तरी पास! आता ह्याच्यापेक्षा सोपं काय असतं? पण मागी त्यातही आडवी. तिला पाठ व्हायचं नाही असं नव्हतं हो! तिला उत्तर पटायला लागायचं.

पहिल्या वर्षी मोठ्या फादरांनी विचारलं, "देव किती?" हिनं बरोबर सांगितलं, "एक." तिथंच गप्प बसावं की नाही? पण पुढं बोललीच, "बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. मोजलं तर तीन हुतात फादर, पर तुमी एकच म्हनायला सांगितलंय!"

दुसऱ्या वर्षी प्रश्न आला, "देव कुठं आहे?" पुस्तकात उत्तर, 'सगळीकडं आहे.' ही म्हणाली, "सगळीकडं हाय म्हनं. मग आमाला रोज एवढं लांबनं इथं कशाला बोलावतायसा?"

नापास!

एक दिवस कार्मेलीन पांढरा फ्रॉक घेऊन माझ्याकडं आली. दोन वर्षांपूर्वी पोरीसाठी शिवलेला. शिवताना खाली चांगली टीचभर दुमड ठेवली होती. पहिल्या वर्षी नापास झाल्यावर अर्धी उसवली, दुसऱ्या वर्षी उरलेली उसवली. फ्रॉक माझ्यापुढं धरून रडत म्हणाली, "मास्तर, बघा. आता खाली उसवायला कायबी न्हाय. आनि फादर म्हनत्यात, ह्या खेपंला न्हाय जमलं तर मोठी झाल्यावर बघू. म्हंजे कवा हो? लगनात? तुमी काय बी करा, पर एक उत्तर तेवढं घाला तिच्या डोक्यात!"

मी छातीला हात लावून म्हटलं, "एकच ना? तीन घालतो!" माझी एक खोड आहे, कुणी रडायला लागलं की मी वाट्टेल ते कबूल करतो.

* * *

पहिल्या रविवारी फादरांनी चर्चच्या ओसरीत एक लाकडी गव्हाण आणून ठेवली. रिकामी. येशूचा जन्म गोठ्यात झाला आणि त्याला गव्हाणीत निजवलं, म्हणून नाताळात तशी गव्हाण मांडून त्यात बाळाची मूर्ती ठेवतात. फादर पोरांना म्हणाले, "रोज काहीतरी चांगलं काम करा. एक काम केलं की पेंढ्याची एक काडी ह्यात टाका. जेवढी चांगली कामं, तेवढी बाळाची गादी मऊ!"

कल्पना चांगली होती. पण फादर गोव्यातल्या नारळाच्या मुलखातले. भाताच्या मुलखातल्या पोरांना पेंढ्याचं काम सांगतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सुगी नुकतीच झालेली, घरोघरी गंजी लागलेल्या. चौथ्या दिवशी गव्हाण गच्च!

पाचव्या दिवशी पेद्रू आला. पेद्रू म्हणजे लाकडाच्या डेपोतल्या मुकादमाचा पोरगा, गोल, लाल, कायम काहीतरी चघळणारा. डोक्यावर पेंढ्याची अख्खी पेंढी!

फादर म्हणाले, "पेद्रू! एवढं काय चांगलं केलंस रे तू?"

पेद्रूनं पेंढी खाली टाकली, घाम पुसला. "अजून न्हाय केलं फादर. हे आगाऊ."

* * *

मग फादरांनी नियम कडक केला. काम आधी, काडी मागनं, आणि साक्षीदार पाहिजे. झालं! पोरं गावभर चांगली कामं शोधत फिरायला लागली.

चर्चच्या मागं कुसाक्का म्हणून एक म्हातारी राहायची. एकटी, कमरेत वाकलेली. तिला विहिरीचं पाणी आणून द्यायचं असं पोरांनी ठरवलं. एकानं घागर भरून दिली. दुसऱ्यानं दुसरी दिली. घागरी संपल्या तेव्हा तिसऱ्यानं परात भरली. मग डेचकी, मग तांब्या, मग कोंबड्यांचं भांडं. दहा पोरांचं पुण्य व्हायचं होतं ना! शेवटी भरायला काही उरलं नाही तेव्हा एका शहाण्यानं चुलीजवळची मडकी भरायला घेतली. त्यातल्या एकात मीठ होतं. दुसरं गळकं होतं.

कुसाक्का ओल्या लुगड्यानं तरातरा शाळेत आली. वर्ग चालू, मी फळ्यापाशी. दारातनंच ओरडली, "मास्तर! तुमच्या पोरास्नी सरगात जायचं हाय न्हवं? जाऊ दे की! पर माज्या चुलीवरनं कशाला वाट काढल्यासा?"

मी माफी मागितली, फादरांनी माफी मागितली, डेपोतनं सुकं सरपण पाठवलं. संध्याकाळी बघतो तर गव्हाणीत आणखी दहा काड्या. मी विचारलं, "हे कशाचं रे?"

"कुसाक्काची माफी मागितल्याचं, मास्तर!"

मागीची काडी मात्र एकही नव्हती. पाणी भरायला ती गेलीच नव्हती. मी चिडून विचारलं, "तू का नाही गेलीस गं?"

ती म्हणाली, "आजीच्या घरात लगीन हुतं का मास्तर, धा घागरी पान्याला? एकटीला एक घागर लागती. ती मी पयल्यापास्नं देतोय की रोज." आमच्याकडं पोरी अशाच बोलतात, देतोय, जातोय.

"मग काडी का नाही टाकलीस?"

"ते नाताळच्या आदीपास्नं हाय. त्येचं कसं धरायचं?"

मी डोक्याला हात लावला आणि म्हटलं, उद्याचे प्रश्न पाठ करून ये.

* * *

दुसऱ्या रविवारी फादरांनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या आवडीची एक गोष्ट नाताळपर्यंत सोडायची. आपण काशीला जाऊन सोडतो तसंच हे. सोमवारी मी वर्गात एकेकाला विचारलं.

एकानं कारलं सोडलं होतं. एकानं एरंडेल. पेद्रूनं गूळ सोडला होता, पण काकवी चालू होती. एका पोरानं काही न बोलता पाटी-दप्तर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. म्हटलं, "काय रे?" म्हणाला, "साळा सोडली."

मागी उठली. "जुझेला मारायचं सोडलं."

मला बरं वाटलं. ही खरी सोडण्यासारखी आवडीची गोष्ट होती! आठवडा बरा गेला. पुढच्या सोमवारी बघतोय तर जुझेचा एक डोळा बंद, कान लालभडक.

"मागी! नाताळपर्यंत मारणार नव्हतीस ना?"

"न्हाईच मारत मास्तर. ह्यो रविवारचा मार हाय. फादरनीच सांगितलंय, उपास रविवारी धरायचा नस्तो."

मी तणतणत फादरांकडं गेलो. फादर दाढी खाजवत म्हणाले, "मास्तर, नियम तिनं बरोबर सांगितलाय. आता परीक्षेत असं सांगेल तर बरं!"

* * *

तिसऱ्या आठवड्यात पापांची कबुली. प्रसादाआधी पोरानं फादरांपुढं गुडघे टेकून आपली पापं सांगायची. मध्ये जाळी असते, फादर कानानं ऐकतात, ऐकलेलं कुणाला सांगत नाहीत. पोरांना सवय व्हावी म्हणून फादर मला म्हणाले, "तुम्ही एकदा रिहर्सल घ्या."

वर्गाच्या खिडकीला बांबूची जाळी होती. मी आत स्टुलावर, पोरं बाहेर गुडघ्यांवर. मी बजावलं, "खोटी खोटी पापं सांगा रे. नुसती रीत समजायला."

पण पोरांना खोटी पापं सुचेनात! पहिलाच पेद्रू आला, गुडघे टेकले, हात जोडले आणि म्हणाला, "मी रोज मास्तरांच्या डब्यातली एक भाकरी खाल्ली."

मी ताडकन उठलो. आठ दिवस मी बायकोशी भांडत होतो! तीन भाकरी सांगितल्या तर दोनच का बांधतेस, माहेरी हेच शिकवलं का, असलं वाट्टेल ते बोललो होतो. ती बिचारी शपथा घेत होती. छडी घेऊन मी बाहेर धावलो, पेद्रू चर्चमध्ये पळाला आणि फादरांच्या झग्यामागं लपला.

फादर म्हणाले, "मास्तर, हे चालणार नाही. जाळीतनं ऐकलेलं तिथंच विसरायचं असतं."

"पण फादर, ती रिहर्सल होती!"

"मग पापही रिहर्सलचं धरा."

"आणि भाकरी?"

मी घरी जाऊन बायकोची माफी मागितली. त्या वर्षी सगळ्यांत आधी कबुली झाली ती माझी.

खऱ्या कबुलीच्या दिवशी पेद्रूनं कमाल केली. भाकरी सोडली तर त्याच्याकडं सांगण्यासारखं फार नव्हतं, आणि मोठ्या लोकांच्या रांगेत एवढंसंच पाप घेऊन जायची त्याला लाज वाटली. त्याच्या काकानं आपली पापं विसरू नयेत म्हणून चिठ्ठीवर लिहून ठेवली होती. पेद्रूनं ती चिठ्ठी पाठ केली! दारू प्यालो, बायकोला शिव्या दिल्या, डेपोतलं सागवान परस्पर विकलं, सगळं घडाघडा म्हणून आला. बाहेर आला तो छाती काढून.

मी विचारलं, "फादर काय म्हणाले रे?"

"म्हनाले, बायको कुठं हाय? म्हटलं, अजून न्हाय केली. मग म्हनाले, सागवान कुनाला इकलं? म्हटलं, ते काकाला इचारा!"

रांगेत पुढचा नंबर काकाचाच होता.

* * *

ओसरीत गोठा उभा करायला नारू सुतार आला. बांबू, झावळ्या, वर कागदाची चांदणी. चांदणी माझी, दिवाळीच्या आकाशकंदिलाला नवा कागद लावून केलेली. मातीच्या मूर्ती गोव्याहून पेटीतनं आलेल्या. नारूनं एकेक मूर्ती हातात घेऊन चौकशी केली, ही कोण, हा कोण. म्हातारबाबा जोसेफची मूर्ती आली तेव्हा मी सांगितलं, "हा येशूचा बाप म्हण. सुतार होता."

"सुतार?" नारू उभाच राहिला. "आमच्यातला?"

दुसऱ्या दिवशी येताना नारळ, हळदकुंकू, उदबत्ती सगळं घेऊन आला. फादर येईपर्यंत जोसेफच्या कपाळावर कुंकू, पुढं नारळ फुटलेला, आणि नारू आणि अकरा पोरं खोबरं खात बसलेली. आता फादर काय म्हणतात!

फादरांनी खोबऱ्याचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. काम झाल्यावर मजुरी द्यायला लागले तर नारू हात मागं घेऊन उभा. "छ्या छ्या! आमच्यातल्या मानसाचं घर बांधलं फादर. मजुरी कशी घ्यायची?"

नारू गेल्यावर फादर हळूच मला म्हणाले, "मास्तर, येशूचे बरेच शिष्य मासे धरणारे होते. मासळीवाल्या बाईला एकदा सांगून बघा."

* * *

आता शेवटचं सांगतो. नाताळ त्या वर्षी बुधवारी होता. परीक्षा त्याच्या आधीच्या रविवारी. मी मागीच्या मागं हात धुऊन लागलो होतो. पाठ होतं, सगळं पाठ होतं! पण म्हणताना मध्येच थांबून "मास्तर, पर..." म्हणायचीच. मी विनवलं, "बाई गं, 'पर' म्हणू नकोस. बुधवारनंतर हवं तेवढं म्हण!"

गोव्याच्या पेटीत गोठ्यातला बैल निघाला तो फुटका. शिंगं शाबूत, खाली नुसता भुगा. मोठे फादर येणार आणि गोठ्यात जनावर नाही! मी म्हटलं, "फादर, काळजी सोडा. मातीचा कशाला, जित्तं आणतो." गवळ्याकडनं एक खोंड आणलं, सहा-सात महिन्यांचं, पांढरंशुभ्र. शनिवारी दुपारी त्याला सवय व्हावी म्हणून ओसरीत, गव्हाणीपासून चार हात लांब खुंटीला बांधलं आणि दुपारच्या गाडीनं येळ्ळूरला गेलो.

रविवारी सकाळच्या गाडीनं परत निघालो. डब्यात समोर एक वाळलेले फादर बसलेले. मी ओळखलं नाही, मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, नुसतं वर्णन ऐकलेलं. त्यांनी विचारलं, काय करता? झालं, माझी टकळी सुरू! "मिशनच्या शाळेत मास्तर आहे. आमचे फादर चांगले हो, पण त्यांना काही सुचत नाही. सगळं मीच बघतोय. पोरं मी तयार केली, चांदणी माझी, आणि गोठ्यात जित्तं वासरू बांधलंय बघा, ते पण माझंच डोकं!" ते नुसते "असं का, असं का" करत होते. खानापूरला उतरलो आणि फादर मिंगेल पळत पुढं येऊन त्यांची पेटी घ्यायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

चर्चपाशी आलो तर ओसरीत रडारड. गव्हाण रिकामी! तीन आठवड्यांचं पुण्य साफ! तळाला काडी नाही. आणि खोंड खुंटीला बांधलेलंच, पाय दुमडून बसलेलं, निवांत रवंथ करत.

पोरं हुंदके देत होती. पेद्रू तर जमिनीवर बसून बोंबलत होता, "माजी पेंढी!" फादर मिंगेल घामाघूम. मी हळूच विचारलं, "फादर, काल ह्याला चारा कुणी घातला?" ते म्हणाले, "चारा? लहान आहे ना ते? मला वाटलं, दूध पीत असेल." आणि मला वाटलं होतं, चाऱ्याचं फादर बघतील! म्हणजे शनिवार दुपारपासून कुणीच बघितलं नव्हतं. खोंडाचा दोर आखूड, गव्हाण लांब. मग हे खाल्लं कसं?

मोठ्या फादरांनी ओसरीतच खुर्ची मागवली, चष्मा पुसला आणि परीक्षा सुरू केली. दहा पोरं रडत रडत पास झाली.

"मागदालिन."

मागी पुढं आली. कार्मेलीन खांबाला धरून उभी. मी मनात खंडोबाला नवस बोललो. दुसरं कुणाला बोलणार!

"देवानं तुला कशासाठी निर्माण केलं?"

हे तिला चांगलं येत होतं. मी शंभर वेळा म्हणवून घेतलं होतं. पण तिचं ध्यान कुठं होतं कोण जाणे, तोंड उघडलं आणि मिटलं. मोठ्या फादरांनी कागदावर एक फुली मारली. कार्मेलीननं पदर तोंडात धरला.

"ही गव्हाण कुणी रिकामी केली?"

हा परीक्षेचा प्रश्न की साधा, तेही कुणाला कळेना.

मागी म्हणाली, "मी."

पोरांचं रडं एकदम थांबलं. मागी म्हणाली, "सांजच्याला आईबरोबर चर्चचे धुतलेले कपडे घिऊन आलतो. वासरू वरडत हुतं. मी सगळं काढून घातलं त्येला."

"ते तुझं होतं?"

"न्हाय. माजी त्यात एकबी काडी न्हवती."

"मग दुसऱ्यांचं पुण्य तू वासराला घातलंस. पुस्तकात काय सांगितलंय? दुसऱ्याची वस्तू घ्यावी का?"

"घिऊ नये."

"आणि घेतलीस."

"व्हय."

दुसरी फुली! ही बया एकदा बरोबर उत्तर देते आणि त्यातच नापास होते!

मोठे फादर पुढं वाकले. "आता बाळ येशू आला की त्याला कशावर निजवायचं?"

"तो बुधवारी येनार हाय फादर," मागी म्हणाली. "वासरू कालच उपाशी हुतं."

खोंड रवंथ करत होतं. मोठ्या फादरांनी चष्मा काढला, परत घातला, मागीकडं बघितलं, खोंडाकडं बघितलं, आणि मग सावकाश माझ्याकडं वळले.

"अजून तिसरा प्रश्न राहिलाय," ते म्हणाले. "हा तुम्ही सांगा, मास्तर. जनावर बांधलं, तर त्याला चारा कुणी घालायचा?"

सगळी पोरं माझ्याकडं बघत होती.

"ज्यानं बांधलं त्यानं, फादर."

"बरोबर," मोठे फादर म्हणाले, आणि त्यांनी मागीच्या नावापुढं 'पास' लिहिलं.